खराट्याच्या देठांची फुलं

आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळं गावातल्या बायांच्या दूध संस्थेची पहिली सभा ठरली, तेव्हा अध्यक्षबाई थेट दारात आल्या. "तू शिकतीस, टेबलावरची फुलं तूच मांड. न्हाई जमलं तर केजच्या बाजारातून हार आणू."

जमेल का, मला माहीत नव्हतं. पण आईचा चेहरा असा फुलला की मी हो म्हणून बसले.

त्या वर्षी दुष्काळ होता. तरी आंघोळीचं, भांड्यांचं पाणी वळवून आईनं मोरीमागं झेंडू, गावठी गुलाब आणि कण्हेर जगवली होती. शेजारची काकू टोमणा मारायची, "माणसाला न्हाई अन् हिच्या फुलांना पाणी!" आता तिच्यासकट सगळ्या बायांसमोर आईची फुलं जाणार होती.

सभेच्या सकाळी उठून पाहते तर आईनं सूपभर फुलं तोडून ठेवलेली. सगळी नखानं खुडलेली, पूजेला खुडतात तशी.

"आई, देठ कुठंयत?"

"देठ कावून? देवाला काय देठ वाहतेत का?" ती हसली, मग माझा चेहरा बघून सूप जवळ ओढलं. "मग आता केजचा हार का?"

माझं लक्ष कोपऱ्यातल्या नव्याकोऱ्या खराट्याकडं गेलं. मी त्याच्या काड्या उपसायला लागले.

"अगं, नवा हाय की गं!" आई ओरडली, आणि शेजारी बसून स्वतःच काड्या उपसू लागली.

झेंडू काडीच्या टोकावर पटकन बसला. गुलाबाच्या पाकळ्या गळायला लागल्या तेव्हा ती म्हणाली, "हळू. बुडातून घाल." अशा टंचाईत दुधाच्या किटलीत पाणी घालायची माझी हिंमत झाली नाही, ओलसर वाळू भरली. काड्या खोचल्या, लिंबाच्या कोवळ्या डहाळ्यांनी झाकल्या. आम्ही दोघी मागं सरून बघतच राहिलो. इतकं सुंदर काही माझ्या हातून झालं असेल, हे खरंच वाटेना.

सभेत काकूनं किटली निरखली. "झेंडूला एवढा लांब देठ कधीपासून गं?" तिनं एक फूल उपसलं. "अगं बाई, खराट्याची काडी हाय ही!"

हशा पिकला. माझे कान तापले. पण सगळ्यांत मोठ्यानं आईच हसली. "मग! फुलं माझी, देठ खराट्याचे."

अध्यक्षबाईंनी किटली टेबलाच्या मधोमध सरकवली. काकूनं फूल परत खोचलं आणि हळूच म्हणाली, "पाऊस पडला की मला कण्हेरीची फांदी दे लावायला."

"देते की," आई म्हणाली. एरवी गावातल्या कुठल्याही कार्यक्रमात दारापाशी बसणारी ती त्या दिवशी टेबलाला चिकटून बसली, आणि सभा संपेपर्यंत कुठला ना कुठला झेंडू बायांकडं तोंड करून सरळ करत राहिली.