दोन दांड्यांचा रिमोट

मला बघायला आले तेव्हा आमच्या ह्यांनी चहाचा कप खाली ठेवायच्या आत होकार दिला होता. नंतर पस्तावले असतील तर मला कळू दिलं नाही. पण हाच माणूस हातभर लांबीच्या एका खेळण्यातल्या बोटीसाठी रिमोट निवडायला बसला, तो अडीच महिने बसला. खेळण्यातली म्हटलेलं त्यांना चालत नाही. मॉडेल म्हणायचं. आणि रिमोट नाही, ट्रान्समीटर. मी रिमोटच म्हणते.

हे बंदरावर टगचे मास्टर, म्हणजे कप्तान, होते. टग म्हणजे ती आडदांड छोटी बोट. मोठं जहाज कितीही भारी असलं तरी आपलं आपण धक्क्याला लागत नाही. त्याला ह्या टग ढकलून, ओढून, चुचकारून आणून लावतात. आयुष्यभर ह्यांनी तेच केलं. निवृत्त होऊन पनवेलच्या घरात बसले तेव्हा ढकलायला जहाज उरलं नाही, मग माझ्या स्वयंपाकघरात शिरले. डबे इकडे का, पोळपाट तिकडे का, गॅसची शेगडी चार बोटं डावीकडे सरकव. मी म्हटलं, अहो, हे बंदर माझं आहे.

मागच्या वर्षी गणपती झाले आणि एका सकाळी दात घासता घासता ह्यांचा डावा हात गळून पडला. लकव्याचा छोटा झटका होता. वेळेवर आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. हात हळूहळू परत आला, पण अर्धवट. सांगितलेलं ऐकतो, पण कधी उशिरा, कधी विसरूनच जातो. डॉक्टरांनी दाबायला एक रबरी चेंडू दिला. हे आठवडाभर दाबत बसले आणि मग तो टीव्हीमागे टाकून म्हणाले, "मी काय तान्हं बाळ आहे?" त्यानंतर स्वतःच्या जुन्या टगचं मॉडेल बांधायला घेतलं.

मला बरंच वाटलं. माणूस कामाला लागला, माझी शेगडी वाचली. बांधलीही सुंदर. काळं अंग, पिवळी केबिन, कडेला टायर, खाली दोन इंजिनांचे दोन पंखे. सगळं उजव्या हाताने केलं, डावा नुसता धरायला. मी समजले की चालवणारही उजव्यानेच. तिथेच फसले.

रिमोट तीन तऱ्हेचे असतात, हे ज्ञान मला आता झोपेतून उठवलंत तरी सांगता येईल. एक पिस्तुलासारखा धरायचा, घोडा ओढायचा, चाक फिरवायचं. ह्यांनी तो बघितल्या बघितल्या बाद केला. "मी टग चालवायचो, दरोडे नाही घालायचो." दुसरा एका दांडीचा. उजव्या अंगठ्याने दांडी पुढे ढकलली की बोट पुढे, बाजूला केली की वळते. कुठल्या इंजिनाला किती जोर द्यायचा, हे त्यातली मशीनच ठरवते. तिसरा दोन दांड्यांचा. डावी दांडी डाव्या इंजिनाची, उजवी उजव्याची, आणि दोन्ही हात सारखेच शहाणे लागतात.

ह्यांना तिसरा हवा होता. का, ते मला न सांगताही कळत होतं. खऱ्या टगवर दोन हातांत दोन लिव्हर असायचे, आणि हाताचं खरं काय ते ह्यांना चेंडूकडून नाही, टगकडून ऐकायचं होतं. मला भीती एवढीच, की टगने खरं सांगितलं तर? चार लोकांसमोर तळ्यावर बोट भरकटली तर हा माणूस पुन्हा हात उचलायचाच नाही. आधीच जेवताना डावा हात मांडीवर झाकून ठेवायला लागले होते.

मुलगी कामोठ्याला राहते, ती रविवारी आली. तिनेही एका दांडीचाच आग्रह धरला. "बाबा, सोपा आहे, मॉडर्न आहे, मशीनच सगळं करते."

"मशीनच सगळं करणार तर मशीनलाच पाठव तळ्यावर," हे म्हणाले.

"आई, तू तरी समजाव ना!"

मी म्हटलं, "बाई गं, पालथ्या घड्यावर पाणी. मी कितीतरी वर्षं ओततेय."

मग चॅनेलवरून जुंपली. रिमोटवरून एकेका गोष्टीला हुकूम पोचवायची वाट म्हणजे एकेक चॅनेल. इंजिनं दोन म्हणजे चॅनेल दोन लागतात, इतपत माझं गणित जातं. ह्यांना सहा हवे होते. एक भोंग्याला, एक दिव्यांना, एक पाणी मारायच्या तोफेला. सहावा कशाला, विचारलं तर म्हणाले, असू दे. ह्या 'असू दे'पायी आमच्या घरात नट पिळायचे तीन पाने आणि दोन छत्र्या जास्तीच्या आहेत. हे मोबाइलवर गोऱ्या म्हाताऱ्यांचे व्हिडिओ बघायचे, आवाज मोठा करून. ते म्हातारे थंड तळ्याकाठी टोप्या घालून आपापल्या बोटींमागे उभे असायचे आणि मागे त्यांच्या बायका खुर्च्या टाकून विणत बसलेल्या. म्हटलं, बघा, त्यांच्या बायका किती गुणी. तर म्हणाले, त्या बोलत नाहीत गं मधे मधे.

शेवटी आला एकदाचा. दोन दांड्यांचा, सहा चॅनेलचा. ह्यांनी खोका उघडला, दांड्या हलवल्या आणि चेहराच पडला. डावी दांडी ठेवाल तिथे राहत होती. उजवी मात्र बोट काढलं की स्प्रिंगने टुणकन मधे येत होती. बहुतेक रिमोट विमानांसाठी बनवतात, विमानाला तसंच लागतं म्हणे.

"एक राहते, एक उडी मारते. अशी टग कुठे असते?"

"मग परत करा."

"परत कशाला? स्प्रिंग काढायची."

बाजाराजवळ एक मोबाइल दुरुस्तीवाले भाई आहेत. पनवेलचेच, बरीच वर्षं आखातात काढून आलेले. ह्यांना 'मास्टर' म्हणतात आणि ह्यांच्यापेक्षा हळू काम करतात, म्हणून दोघांचं जमतं. त्यांनी रिमोट खोलला, आत बघितलं, चष्मा वर केला.

"मास्टर, माझं ऐकाल? उलटं करू. उजवीची काढायच्या ऐवजी डावीलाच स्प्रिंग लावून देतो. हात सुटला की दांडी मधे, इंजिन बंद. बेफिकीर चालवा."

मी तिथल्या तिथे म्हटलं, "भाई, तेच करा. लाख बोललात."

हे काउंटरवरच्या डाव्या हाताकडे बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "हात सुटणारच, असं धरून चालायचं का?"

भाईंनी माझ्याकडे बघितलं. मी होकाराची मान हलवली. त्यांनी चिमट्याने उजवीची स्प्रिंग काढली, पुडीत बांधून माझ्याकडे दिली आणि म्हणाले, "ठेवा वहिनी, अमानत म्हणून. लागली तर आणा."

जानेवारीतल्या एका सकाळी आम्ही पनवेलच्याच वडाळे तळ्यावर गेलो. बोटीची पिशवी माझ्याकडे. ह्यांच्या गळ्यात पट्टा आणि पोटासमोर रिमोट, जत्रेतला बांगड्या-कंगवे विकणारा असतो तसे. फिरायला आलेली माणसं थांबायला लागली. आमच्याकडे रस्त्यात कुणी खड्डा खणत असला तरी दहा जण थांबतात, इथे तर बोट होती. ह्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, आज नुसतं फिरवायचं नाही. तळ्याच्या काठची खालची पायरी म्हणजे धक्का. टग वळवून आणून आडवी लावायची.

सरळ गेली छान. भोंगाही वाजला, बदकं उडाली, माझ्यासकट सगळे खूश. मग वळवायची म्हणून ह्यांनी उजवं इंजिन बंद केलं. वळली. आता डावंही कमी करायचं, तर डावी दांडी होती तिथेच. अंगठा तिच्यावर ठेवलेला, हलायचं नाव नाही. डावं इंजिन पुढे ओढतंय, उजवं गप्प, आणि टग आपली गोल गोल. एक फेरी, दोन, तीन.

टोपली घेऊन बाजाराला निघालेली एक बाई कठड्याशी थांबली. "अगो बाय, बोटीला भोवळ आली हाय का?"

लोक हसले. वाईट नाही हसले, पण हसले. ह्यांचे कान लाल झाले. चौथ्या फेरीला मला राहवेना. मी ह्यांच्या काखेखालून हात घातला, त्यांचा अंगठा बाजूला केला आणि दांडी मागे ओढली. टग थांबली. मग ह्यांची जुनी सवय जागी झाली असावी, बारीक आवाजात सुरू झाले. "डावं किंचित पुढे. बास. शून्यावर. आता मागे, थोडं. थोडं म्हटलं ना! शून्य." मी सांगतील तसं करत गेले. लग्नानंतर इतकं एकामागून एक ऐकलेलं हे पहिल्यांदाच. टग आली आणि पायरीला अशी टेकली की मधे अंडं धरलं असतं तर फुटलं नसतं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही मेली मान झुकवून त्या घेतल्या. मग ह्यांच्याकडे वळले, तर हे डावा हात झाकून उभे होते. पट्ट्याखाली.

"छान लावलीस," म्हणाले.

"आपण लावली."

"नाही गं. तू लावलीस." मग घसा खाकरला. "आता मी लावतो. तू हात मागे घे."

"आणि बुडाली तर?"

"बुडू दे. टग माझी आहे."

मी हात मागे बांधले आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलं, कारण त्या हाताचा मला काही भरवसा नव्हता. पुन्हा सगळं तेच. सरळ गेली, वळली, गोल गोल. टाळ्या वाजवणारे एकेक करून पांगले. टोपलीवाली तेवढी थांबली. मी अंगठ्याकडे बघत होते. हुकूम डोक्यातून निघायचा, खांद्याशी चहा प्यायचा, कोपराशी गप्पा मारायचा आणि अंगठ्याशी पोचायचा तोवर टग पुढे गेलेली असायची. पण पोचायचा. दर वेळी पोचत होता, हे मी नव्हतं बघितलं कधी. मी त्याच्या आधीच हात घालत होते ना.

सातव्या की आठव्या फेरीला हे पुटपुटायला लागले. टग अजून लांब होती, वळायची वेळसुद्धा झाली नव्हती, आणि हे म्हणाले, "डावं मागे." मी म्हणणार होते, अहो, एवढ्यात काय? जीभ चावली. अंगठा हलला, उशिरानेच हलला, आणि टग तेव्हा बरोबर तिथे पोचली होती जिथे तो हलायला हवा होता. पुन्हा म्हणाले, "डावं शून्य," पुन्हा आधीच. टग वाकडीतिकडी आली आणि पायरीवर धाडकन आपटली. कडेचा एक टायर उडाला, पिवळा रंग खरवडला गेला.

"लावली!" हे एवढ्या जोरात ओरडले की बदकं दुसऱ्यांदा उडाली. "बघितलंस? ऐकतो गं तो! भरलेल्या जहाजासारखा ऐकतो. भरलेलं जहाज आयत्या वेळी सांगून थांबत नाही, त्याला आधी सांगायला लागतं. मी ह्या हाताला आयत्या वेळी सांगत होतो."

मला रडू फुटलं. टोपलीवाली म्हणाली, "रडतंस कशाला, आली ना बोट?" आणि निघून गेली.

घरी येताना रिक्षात मी विचारलं, किती आधी सांगावं लागतं. जरा विचार करून म्हणाले, "साधारण तीन श्वास."

आता जेवताना ह्यांचा डावा हात पाण्याच्या भांड्याकडे निघाला की मी ओट्याला पाठ टेकून उभी राहते आणि तीन श्वास मोजते. दुसऱ्या श्वासाला माझा हात पुढे निघतो, तो मी मागे घेते. बहुतेक वेळा भांडं तोंडापर्यंत पोचतं. परवा नाही पोचलं, सगळं पाणी टेबलावर. मी फडकं घेऊन पुसायला वाकले, तर हे म्हणाले, "इकडे दे."

मी दिलं. डाव्या हातात दिलं.