बांध कोरणारा खलनायक

आधी चहा संपवा, मगच सांगतो. नाहीतर ठसका लागेल, असला गाढवपणा केलाय मी!

मी फलटणजवळच्या आमच्या गावात शाळामास्तर. दिवाळी अंकात गोष्ट छापून यावी ही जुनी हौस. यंदा पुण्याच्या एका संपादकबाईंनी वाचली तरी! फोनवर म्हणाल्या, "सर, तुमचा खलनायक पांढरे बूट घालतो, पिस्तूल फिरवतो, गडगडाटी हसतो. असा माणूस तुमच्या गावात आहे का हो? ओळखीतला घ्या कुणीतरी."

ओळखीतला? अहो, शेजारच्या रानातच होता की! माझे चुलते, तात्या. फौजेतून सुभेदार होऊन आलेले. नांगरताना मधला बांध दर वर्षी वीतभर कोरतात, असा आमच्या घरात सगळ्यांना पक्का संशय. बसलो लिहायला. मिशी तात्यांची, टोपी तात्यांची, बांध कोरणं तात्यांचं, शिव्यासुद्धा तात्यांच्याच. फक्त नाव 'आप्पा' केलं. केवढी ही हुशारी!

गोष्ट मोबाईलवरून बाईंना पाठवली. म्हणजे पाठवायची होती. गेली 'भावकी' नावाच्या ग्रुपवर! पुसायला गेलो, तर गडबडीत फक्त माझ्याच मोबाईलवरून पुसली. बाकी अख्खी भावकी वाचतेय!

घामच फुटला. आमच्या उसाची वाट तात्यांच्या रानातून जाते आणि तोड चार दिवसांवर आलेली. तात्यांनी वाट अडवली की ऊस रानातच वाळणार.

बायको म्हणाली, "जावा आन् पाय धरा. लय मोठं लेखक!"

गेलो. तात्या मोबाईल हातभर लांब धरून वाचत बसलेले.

"तात्या, त्यो आप्पा म्हंजे तुमी न्हाई बरं का."

"मी कुटं म्हनलं मी हाय म्हून?"

झालं! मला बोलायची घाई कुणी केली होती?

"पर आता तूच म्हनतुयास तर हून जाऊ दे," तात्या उठले. "उद्याच मोजणीवाला आनतो. बांध कोरला आसंल तर तुजं रान तुला मागं देतो. सुभेदाराचा शबुद हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडून सगळी भावकी बांधावर. मोजणीवाल्यानं यंत्र लावलं, खुणा केल्या. बांध सरकला होता, चांगला दोन हात. मी छाती काढून पुढं झालो.

"सरकलाय," तो म्हणाला, "पण तात्यांच्या रानात."

म्हणजे कोरला कुणी? आमची नांगरट दर वर्षी कोण करतं? मीच की! शपथेवर सांगतो, मुद्दाम नाही हो. मला तो ट्रॅक्टर बांधाशी नीट वळवताच येत नाही. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं, पण ती धरणीसुद्धा तात्यांची निघाली!

"तात्या, आमची वाट..."

"वाट हाय तशीच ऱ्हाईल रं. उसानं काय गुन्हा केलाय? तू तेवढा ट्रॅक्टरवर बसू नगंस."

खरंच डोळ्यांत पाणी आलं माझ्या. इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

घरी आलो, गोष्ट बाईंना नीट बघून पाठवली. दोन दिवसांनी फोन. "सर, खलनायक काय जिवंत उतरलाय! बघताक्षणी वाटतं, हा माणूस खरा आहे. आमच्या चित्रकाराला चेहरा हवाय. ज्यांच्यावरून घेतला, त्यांचा फोटो पाठवता का?"

काय करणार? शाळेच्या ओळखपत्रावरचा माझाच पाठवून दिला.