नानुलीच्या गार्मोनीवर बंदी

"हे वाद्य स्टेजवर येणार नाही," हेर डॉक्टर म्हणाले. नानुलीनं केसचं झाकण नुकतंच उघडलं होतं.

मी हॅम्बर्गमधल्या एका कुल्टुरहाउसमध्ये, म्हणजे सांस्कृतिक केंद्रात, साउंड इंजिनियर आहे. त्या संध्याकाळी जॉर्जियन लोकनृत्य होतं, दुपारी त्याची तालीम. नानुली एका वृद्धाश्रमात नर्स. शिफ्ट बदलून आलेली, जर्मनीत पहिल्यांदाच स्टेजवर वाजवणार होती. तिचं वाद्य गार्मोनी, म्हणजे छोटा अकॉर्डियन. भाता ओढायचा, बटणं दाबायची. आपल्या पेटीची चुलत बहीणच म्हणा ना.

हेर डॉक्टर, म्हणजे डॉक्टरसाहेब, आमचे क्युरेटर. कोण काय वाजवणार ते हे ठरवणार. पीएचडी जॉर्जियन संगीतातली, त्यामुळे जॉर्जियन माणसांचं ऐकायची गरज उरलेली नव्हती.

"गार्मोनी रशियातून आलेली. अस्सल वाद्य पांडुरी," असं म्हणून त्यांनी स्वतःच्या दिवाणखान्यातली तीन तारांची पांडुरी पुढे केली.

"मला ती येत नाही," नानुली म्हणाली. "आमच्या डोंगरात बायका गार्मोनीच वाजवतात. मला आजीनं शिकवली."

"आजी म्हणजे फार अलीकडचं झालं."

माझं डोकंच फिरलं. आपली पेटी तरी कुठे वेदकाळातली? मी म्हटलं, "हेर डॉक्टर, माझे माइकही अलीकडचेच आहेत. काढून घेऊ?"

"ते तंत्रज्ञान. ही परंपरा."

"मग मी जाते," नानुली म्हणाली. डोळे भरले होते, पण केस तिनं नीट बंद केली. नाचणारे सहाजण बुटांच्या नाड्या सोडायला लागले. तिच्याशिवाय ते नाचणार नव्हते.

"आल्झो, मग मीच वाजवतो," हेर डॉक्टर म्हणाले.

मी माइक लावला आणि त्यांचा फेडर वर सरकवला. फेडर म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकती पट्टी. एरवी कलाकाराची लाज राखायला तो मी जरा खालीच ठेवते. त्या दिवशी म्हटलं, होऊ दे खर्च.

हेर डॉक्टर डोळे मिटून वाजवत राहिले. नाचणारे सुटलेल्या नाड्यांनिशी नुसते ठेका शोधत उभे. मध्येच थांबून हेर डॉक्टर मला म्हणाले, "मॉनिटर, हा माझ्यासमोरचा स्पीकर, बरोबर नाही." नाचता येईना, अंगण वाकडं.

तेवढ्यात हॉलच्या मॅनेजर फ्राउ लांगे आल्या. "तारा लावून झाल्या का? वाजवायला कधी सुरुवात करणार?"

कुणी हसलं नाही. हेर डॉक्टरांनी पांडुरी खाली ठेवली. फ्राउ लांगेंनी केस घेऊन दाराशी उभ्या असलेल्या नानुलीकडे बोट दाखवलं. "ह्या कशाला थांबल्यात? बसवा त्यांना."

मी दोन माइक लावले, एक बटणांकडे, एक भात्याकडे. कार्यक्रमात नानुली वाजवायला लागली आणि पहिल्या रांगेतल्या आज्याही पाय आपटायला लागल्या. मला भरून आलं.

त्याआधी निवेदन हेर डॉक्टरांचं होतं. गार्मोनी हा जॉर्जियाचा प्राचीन आत्मा आहे, असं त्यांनी पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. लोकांनी टाळ्याही वाजवल्या.

तेव्हापासून कलाकाराचा माइक मी आधी तपासते. क्युरेटरचा वेळ उरला तर.