पांढरी दोन

घट्टकाकांच्या दुकानात शिरायचं तर आधी खांदा आत घालावा लागे, मग पोट आणि मग उरलेला माणूस. दाराच्या दोन्ही अंगांना पेट्या रचलेल्या असत. कुणाचा भाता फाटलेला, कुणाच्या निम्म्या पट्ट्या गळून तोंडाचं बोळकं झालेलं. मधल्या वीतभर जागेत, खिडकीखालच्या फळीपाशी काका स्टुलावर बसून काम करत. पंचेचाळीस वर्षं त्यांनी पेट्या दुरुस्त केल्या आणि त्यातली एकही तक्रार घेऊन परत आली नाही, असं ते सांगत. तशा दोन-तीन आल्या होत्या. पण त्या वाजवणाऱ्यांच्या चुकीने, असा त्यांचा निकाल होता आणि त्यावर अपील नव्हतं.

'घट्ट' हे नाव त्यांना दोन कारणांनी चिकटलं होतं. पहिलं म्हणजे त्यांच्या पट्ट्या. बोट उचललं की पट्टी खालच्या स्प्रिंगच्या जोराने टणकन वर आलीच पाहिजे, हा त्यांचा धर्म. "उलट उत्तर देत नाही ती पट्टी मेली समजा," असं ते म्हणत. त्यांच्याकडून आलेल्या पेटीवर तासभर रियाज केला की मनगटं भरून येत. दुसरं कारण त्यांची जीभ. कौतुकाच्या बाबतीत ती इतकी घट्ट, की सख्ख्या नातीने व्हायोलिनच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस आणलं तेव्हाही ते एवढंच म्हणाले, "बरं झालं. तिसऱ्या ओळीत घाई केलीस."

या नातीने कॉलेजातली पाच-सहा पोरं जमवून एक वाद्यवृंद काढला होता. वाद्यवृंद हा तिचा शब्द. काका त्याला गलका म्हणत. गलका दर रविवारी दुकानाच्या माळ्यावर सराव करी आणि ढोल वाजवणाऱ्या पैलवानाने जोर लावला की काकांच्या फळीवर चुना पडे. पण शनिवारी हीच मंडळी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका केंद्रात जात. मस्क्युलर डिस्ट्रॉफी झालेली, म्हणजे ज्यांचे स्नायू वर्षागणिक दुबळे होत जातात अशी मुलं तिथे व्यायामाला येत, आणि ही पोरं त्यांच्याबरोबर गात-वाजवत. केंद्राला चाकाची खुर्ची थेट आत चढवता येईल अशी गाडी हवी होती. त्यासाठी मोठा कार्यक्रम करायचं गलक्याने ठरवलं होतं.

एका शनिवारी नात म्हणाली, "आजोबा, केंद्रात एक जुनी पायपेटी आहे. तिच्या पट्ट्या वाजत नाहीत. बघायला येता?"

काका हत्यारांची पिशवी घेऊन गेले. पेटी रुंद खिडकीजवळ होती आणि तिच्यापुढे चाकाच्या खुर्चीत एक बारा वर्षांची मुलगी बसली होती. तिला सगळे वकील म्हणत, कारण व्यायाम घेणाऱ्या डॉक्टरबाईंशीही ती प्रत्येक व्यायामावर वाद घालूनच तो करायची. काकांनी पायाने भाता सुरू केला आणि म्हणाले, "दाब बरं." मुलीने बोट पट्टीवर ठेवलं. पट्टी हलली, पण सूर उमटला नाही. काकांनी पेटी उघडली. आतले पितळी सूर पाहिले, झडपांची चामडी पाहिली, अर्धा तास खटपट केली. कुठे काही सापडेना. स्वतः दाबून पाहिलं तर पेटी खणखणीत बोलली.

"पेटी बरी आहे आजोबा," वकील म्हणाली. "बोटं माझी आहेत."

काकांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांनी पुटपुटत विचारलं, विजेवरचा कीबोर्ड का नाही वाजवत? तो तर फुंकर घातली तरी वाजतो.

"म्हणूनच. त्यावर बोट ठेवलं काय नि पेन ठेवलं काय, त्याला फरक कळत नाही. हिच्यात बोटाखाली वारा लागतो. मला कार्यक्रमात हीच वाजवायची आहे. पहिल्याच गाण्याचं सुरुवातीचं वादन माझं आहे. ताईने, तुमच्या नातीने, कबूल केलंय."

बाहेर आल्यावर डॉक्टरबाईंनी स्पष्टच सांगितलं, "व्यायामाने आम्ही टिकवतो तेवढं टिकवतो. पण आज जमतं ते पुढच्या वर्षी जमेलच, असं मी तिला सांगत नाही. तीही विचारत नाही. वाजवायचं तर याच वर्षी."

काकांनी पायपेटी हातगाडीवर घालून दुकानात आणली. माणसाने जन्मभर जो धर्म पाळला तो म्हातारपणी बुडवायला बसावं, तसं ते फळीपाशी बसले. पट्टी किती जड हे मोजायची त्यांची एक रीत होती. पट्टीच्या टोकावर एकेक वायसर, म्हणजे नटाखालची लोखंडी चकती, ठेवत जायचं, पट्टी खाली गेली की थांबायचं. त्यांच्या हातची पट्टी चौदा वायसरांना दाद देई. त्यांनी बारीक पितळी तारेच्या नव्या स्प्रिंगा हाताने वळवल्या आणि दहावर आणल्या. शनिवारी पेटी केंद्रात नेली. वकिलाला जमलं नाही. मग सात. मग पाच. पाचवर सूर लागला, पण तिसऱ्याच सुराला तिचं बोट थकलं. शेवटी त्यांनी तीनवर आणल्या.

प्रत्येक पट्टी तपासायला हवी म्हणून ते वकिलाला तीच चार ओळींची चाल आधी पांढरी एकपासून वाजवायला लावत, मग काळी एकपासून, मग पांढरी दोनपासून, अशी चढत चढत. प्रत्येक वेळी सा बदलायचा आणि सगळी चाल सरकवायची. काळ्या पट्ट्या आल्या की ती डाव्या हाताने उजवं मनगट उचलून पुढे ठेवायची. "हा व्यायाम डॉक्टरबाईंच्या यादीत नाही," असं ती म्हणायची. गलक्यातली मंडळीही साथ करून करून वैतागली. "आजोबा, कार्यक्रमात आम्ही पांढरी एकमध्येच वाजवणार आहोत," नात म्हणाली. काका म्हणाले, "मला पेटी तपासायची आहे, तुमचा कार्यक्रम नाही."

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. काका तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसले. पडदा सरकला. मधोमध पायपेटी, तिच्यापुढे वकील, आणि खाली तिच्या पायांशी बैठक मारून पैलवान. भाता दाबायचं काम त्याच्याकडे होतं. वकिलाचे पाय ते करू शकत नव्हते आणि पहिल्या गाण्याला ढोल नव्हता.

ते पाहिलं मात्र, आणि काकांना आपली चूक कळली. एवढे दिवस भाता त्यांनी स्वतःच्या सत्तरीच्या पायांनी, बेताने मारला होता. तीन वायसरांची स्प्रिंग म्हणजे वाऱ्याच्या वाटेवर केसाने बंद धरलेला दरवाजा. आत वारा जास्त भरला तर तो पट्टी न दाबताच उघडायचा. जन्मभर घट्ट स्प्रिंगा बसवणाऱ्याला हे सुचलंच नव्हतं, कारण त्यांच्या पेटीत हत्तीने भाता मारला असता तरी काही झालं नसतं. आणि पैलवान आज पहिल्यांदाच एवढ्या लोकांसमोर होता. त्याने दोन्ही हातांनी भाता असा काही दाबला, की वकिलाने बोट टेकवायच्या आधीच पेटीतून एक सूर आपोआप सुरू झाला. पांढरी दोन. लांबलचक, ठाम, न थांबणारा.

काकांनी खुर्चीतून अर्धं उठून तळहात खालीवर हलवला. हळू, हळू! पैलवानाने ते पाहिलं. दाब, दाब, असा त्याचा अर्थ लावला आणि अंगातली होती नव्हती ती ताकद लावली. पांढरी दोन आणखी मोठ्याने बोलू लागली. नात व्हायोलिन खांद्यावर धरून थिजली होती. आता पांढरी एकपासून चाल सुरू केली असती तर ती त्या सुराशी शेजारणीसारखी भांडली असती. थांबावं, पडदा पाडावा, तर त्या मुलीचं वादन बुडालं. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा चूक झाली आणि ती नेमकी हिच्या वाट्याला आली, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

वकिलाने मान कलती करून तो सूर ऐकला. मग नातीकडे पाहिलं आणि म्हणाली, "ताई, हाच सा."

पहिल्या तीन रांगांना ते ऐकू गेलं. त्यातल्या काकांशिवाय कुणाला कळलं असेल, देव जाणे. तिने डाव्या हाताने उजवं मनगट उचललं, काळ्या पट्टीच्या आवाक्यात ठेवलं आणि पांढरी दोनला सा धरून चाल सुरू केली. एक ओळ ती एकटी वाजवत होती. दुसऱ्या ओळीला नातीचं व्हायोलिन बरोबर त्याच पट्टीत येऊन मिळालं. बासरीवाल्याने हातातली बासरी ठेवून दुसरी उचलली. गिटारवालीचा तारांवरचा चिमटा दोन घरं पुढे सरकला. कुणी कुणाकडे घाबरून पाहिलं नाही. आपोआप वाजणारा तो सूर आता सगळ्यांच्या खाली तंबोऱ्याच्या षड्जासारखा भरून राहिला होता. चौथ्या ओळीला वकिलाचं बोट एकदा घसरलं. तिने ते परत उचलून आणलं आणि समेवर नेऊन टेकवलं.

लोक उभे राहिले. काका मात्र बसूनच होते, कारण त्यांना समोरचं काही दिसत नव्हतं.

नंतर केंद्राचे अध्यक्ष त्यांचा हात हलवत म्हणाले, "खाली तो सूर सतत धरून ठेवायची तुमची कल्पना काय सुंदर होती!" गप्प बसले असते तर आयतं श्रेय पदरात पडलं असतं. पण काका सरळ स्टेजवर चढले, माईक हातात घेतला आणि म्हणाले, "माझी चूक झाली होती. स्प्रिंग फार हलकी झाली, म्हणून तो सूर लागला. त्याचा सा या मुलीने केला. आणि या पोरांनी डोळ्याचं पातं लवायच्या आत तो उचलला. मी जन्मभर पेट्या केल्या, पण असं वाजवणारी माणसं मला करता आली नसती." नात तोंडाचा आ वासून बघतच राहिली. अठरा वर्षांत आजोबांच्या तोंडून तिने एवढं एकदम कधी ऐकलं नव्हतं. ती तिथेच, सगळ्यांसमोर रडली.

पुढच्या शनिवारी काका पिशवी घेऊन केंद्रात गेले. सगळी मुलं खुर्च्या सरकवून भोवती जमली. काकांच्या जिभेचा बांध एकदा फुटला होता तो फुटलाच होता. ते वकिलाला म्हणाले, "पोरी, तू वाजवलंस आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं बघ!"

बोलून गेले आणि जीभ चावली. कुणासमोर काय बोललो! डॉक्टरबाई खिडकीबाहेर पाहू लागल्या.

"मूठभर?" वकील म्हणाली. "एकट्यालाच? मग त्यातलं चिमूटभर इकडे पाठवा की."

आधी पैलवान हसला, मग मुलं, आणि मग खोलीत हसण्याशिवाय काही उरलंच नाही. काका डोळे पुसत हसत होते. वकिलाने त्यांचं हसू संपेपर्यंत वाट पाहिली आणि बोट पेटीकडे केलं.

"झालं? आता ती पांढरी दोन दुरुस्त करा. पुढच्या वेळी मला ठरलेल्या पट्टीत वाजवायचं आहे."

"पुढच्या वेळी," काका म्हणाले, आणि त्यांनी पेटीचं झाकण उघडलं.