लीड्सच्या स्वयंपाकघरातला फोटो

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय — खरंच माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच असेल.

मिल्टन कीन्समध्ये मी ऑफिसातल्या लोकांना प्रेझेंटेशन कसं करायचं ते शिकवते. एका स्लाइडवर एकच गोष्ट, अक्षरं कमी, चित्र मोठं. आणि सगळ्यात महत्त्वाचं — समोरचे आपापसांत कुजबुजायला लागले की बोलणारा संपला. त्यामुळे आमच्या मराठी मंडळात कुणाची साठी असो की कुणाची शोकसभा, स्लाइड्स माझ्याकडेच येतात. मला त्याचा चांगलाच तोरा होता, खोटं कशाला बोलू?

माधवकाका गेले तेव्हाही काकूंनी मलाच फोन केला. काका डॉक्टर, मंडळाचे जुने अध्यक्ष. आम्ही या देशात नवीन होतो तेव्हा घर मिळेपर्यंत वॉटफर्डला त्यांच्याकडेच राहिलो होतो. त्यांचा एकुलता एक मुलगा निखिल. त्याने लीड्सला डॅनियलशी लग्न केलं, तेव्हा काकांनी त्याला घराचं दार बंद केलं. काकू काही बोलल्या नाहीत. काका म्हणतील तसं — आयुष्यभर त्यांचं तेच.

शोकसभेच्या आदल्या दिवशी निखिलने मला एक फोटो पाठवला. लीड्सचं त्याचं स्वयंपाकघर. काका ॲप्रन बांधून पोहे परततायत, शेजारी डॅनियल कोथिंबीर चिरतोय, आणि दोघं कशावरून तरी खदखदून हसतायत. सोबत निखिलचा इंग्रजीतला निरोप होता — ताई, बाबा आमच्याकडे गुपचूप येऊन गेले. आईला सांगणार होते, राहून गेलं. ती माझा फोन घेत नाही. तिला हे बघू दे.

आलं ना लक्षात? माझ्याही आलं होतं. अगदी नीट आलं होतं.

मी फोटो लावलासुद्धा. मग हॉलमधली पहिली रांग डोळ्यांसमोर आली — सगळी जुनी, वयाने मोठी माणसं. डॅनियल स्क्रीनवर येणार, माना वळणार, कुजबुज सुरू होणार, आणि मी तिथे माइक धरून उभी. फ्लो तुटतो, असं मी स्वतःला सांगितलं — काय सोयीचा शब्द सापडला, नाही? आणि फोटो काढून टाकला. काकूंना घरी जाऊन एकटीला दाखवता आला नसता का? आला असता. पण मग सभेत का नव्हता, तेही सांगावं लागलं असतं.

सभा छान झाली. लोक रडले — मला हवं होतं तिथेच रडले. निखिल मागच्या रांगेत एकटा बसला होता. शेवटची स्लाइड येईपर्यंत पुढे वाकून बघत होता. मग उठला आणि निघून गेला, चहालाही थांबला नाही.

काकूंनी माझा हात धरून विचारलं, "निखिलने काहीच नाही का गं पाठवलं?"

"नाही, काकू."

किती सहज निघालं ते तोंडातून. माझा मलाच धक्का बसला.

त्यानंतर मी वॉटफर्डला जातच राहिले. कधी भाजी घेऊन, कधी नुसतीच. विषय निघाला की त्या म्हणायच्या, "ह्यांनी बंद केलेलं दार मी कसं उघडू, सांग." मी समोर बसून चहा प्यायचे. ओठांवर यायचं — यायचंच, दर वेळी यायचं — आणि मी गिळून टाकायचे. जितकं लांबत गेलं तितकी लाज वाढत गेली. आता क्लासमध्ये पुढच्या स्लाइडसाठी बटण दाबते ना, तर स्क्रीन क्षणभर काळी होते आणि त्यात मला काका दिसतात, ॲप्रन बांधलेले. मी बोलायची थांबते. लोकांना वाटतं, हा पॉज मुद्दाम घेतलाय.

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. क्रिमेटोरियमच्या बाहेर निखिल आणि डॅनियल उभे होते. मी जवळ गेले. निखिलने मला मिठी मारली आणि त्याच्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, "ताई, तो फोटो आई काढून टाकायला सांगितली ना तुला? मला माहीत होता. इट्स ओके. मी तिला माफ केला."

मी मान हलवली. हो म्हणून.

काकूंनी तो फोटो कधी पाहिलाच नव्हता. काढून टाकला तो मी.