मेंढरं बसवलेली वाट

गिताबाई शेंडगेच्या तोंडाला लागू नये, हे धरणाच्या फुगवट्याकाठच्या सगळ्या शहाण्या माणसांना ठाऊक होतं. बाई कामाला वाघ आणि जिभेला विळा. पण १९९७च्या उन्हाळ्यात तिनं जे काढलं, त्याला तिचा नवरा मल्हारसुद्धा खूळ म्हणाला.

दौंड तालुक्याच्या पार पूर्वेला शेंडगेवस्ती एका उंचवट्यावर. धरण झालं तेव्हा वस्तीच्या तिन्ही अंगांनी पाणी शिरलं आणि गावाशी जोडणारी एक चिंचोळी पट्टी तेवढी राहिली. सगळे तिला मान म्हणत. उन्हाळ्यात मानेवरनं बैलगाडी जाई. श्रावणात धरण भरलं की मान बुडायची, ती थेट संक्रांतीला वर यायची. वस्तीवर शाळा चौथीपर्यंत, पाचवी पल्याड गावात. मासे धरणाऱ्यांची होडी होती, पण वारं सुटलं की ती अशी डुलायची की पोटची पोर रोज तिच्यात बसवायला कुणाची छाती होईना. थोरल्या पारूची शाळा चौथीतच संपली ती अशी. आता धाकटी अंकिता चौथीत जाणार होती.

"हिला मी घरी बसवायची न्हाई," गिताबाई म्हणाली. "मान उचलायची."

"धरणाशी कुस्ती धरतीस व्हय?" मल्हार हसला.

"धरण काय आभाळाला टेकतंय का? भरलं की एका रेघंवर थांबतंय. त्या रेघंच्या वर गेलं की झालं!"

दुसऱ्या दिवशी ती पारूला घेऊन टेकाडाचा मुरूम टोपल्यांनी मानेवर टाकू लागली. वस्तीवरच्या शाळेचे धम्मदीप गुरुजी शाळा सुटल्यावर बघायला आले. तरणा माणूस, दौंडचा, बोलायला गोड.

"मावशी, याला भूगोलात संयोगभूमी म्हणतात," ते म्हणाले. "दोन मोठ्या जमिनींना जोडणारी अरुंद पट्टी. जगात अशा पुष्कळ आहेत. पनामाची तर अख्खी दोन खंडं जोडते. सुएझची दुसरी दोन."

"मग तिथली माणसं बी मुरूम टाकत्यात का?"

"नाही. त्यांनी मधून कालवे खणले. जहाजं जायला."

गिताबाईनं टोपली खाली आपटली. "आगं बया! देवानं जोडलेलं तोडलं? आन् माणसांनी कुठनं जायाचं?"

गुरुजींना हसू आवरेना. हसता हसता त्यांनी बाह्या सारल्या आणि टोपली उचलली. मग लाजेकाजेस्तव मल्हारही आला, आणि त्याच्यामागं निम्मी वस्ती.

पण त्या श्रावणात पाणी आलं, लाटा लागल्या आणि सगळा मुरूम साखरेसारखा विरघळला. बाई काठावर बसून ढसाढसा रडली. लोक म्हणाले, चला, उतरलं खूळ. कसलं उतरतंय! वर्षभर तिच्या डोक्यात एकच घोळत होतं, मुरूम भुसभुशीत राहिला, त्याला दाबायला हवं होतं. रोलर कोण देणार?

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा मुरूम पडला. तेवढ्यात तिचा भाऊ जयसिंग कोकणातनं मेंढरं घेऊन परतला. तिच्या माहेरी मेंढरं राखायचं अजून चालू होतं. वाटेत शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेत आणि त्याबदल्यात धान्य देत, हा पिढ्यान् पिढ्यांचा रिवाज. गिताबाई भावापुढं जाऊन उभी राहिली.

"दादा, तुझी मेंढरं माझ्या मानंवर बसव."

"रस्त्यावर?" जयसिंग बघतच राहिला. "लेंडीखतात रस्ता पिकवतीस का काय?"

"खुरं पायजेत मला त्यांची! वाघराच्या जाळीत तुझी मेंढरं बसली की जमीन कशी दगडावानी व्हती, तूच सांगतोस न्हवं? पानी मी मारती. तू निस्ती फिरव."

जयसिंगनं कपाळावर हात मारला. पण बहिणीपुढं कुणाचं चाललंय? एका शेतकऱ्याला कबूल केलेलं रान रद्द करून त्यानं सगळा कळप मानेवर घातला. पारू घागरीनं पाणी शिंपायची, वर मुरमाचा थर पडायचा, त्यावरनं मेंढरं इकडनं तिकडं, तिकडनं इकडं. वस्तीला हसून हसून धाप लागली. कळप हलला तेव्हा मात्र मल्हारनं टिकाव मारून बघितला, तर टिकाव टणकन उडाला. तेव्हापासून त्यानं खूळ हा शब्द काढला नाही.

जूनमध्ये अंकिताचं नाव गावच्या शाळेत पाचवीला घातलं. श्रावणात घाटमाथ्यावर पाऊस झोडपला, धरण भरत आलं. गिताबाईला अन्न गोड लागेना. पाणी चढलं, आणखी चढलं, आणि मानेच्या माथ्यापासून वीतभर खाली थांबलं. लाटा येऊन धडकत होत्या, पण मान जागची हलली नाही.

सकाळी अंकिता दप्तर घेऊन दोन्ही बाजूंच्या पाण्यामधनं चालत निघाली. गिताबाईच्या डोळ्यांना धार लागली. शेजारी पारू उभी होती, वेणी घातलेली, धुतलेला झगा घातलेली.

"आई," ती हळूच म्हणाली, "मला बी घेतील का गं पाचवीत?"

गिताबाईनं पारूच्या घट्टे पडलेल्या हातांकडं बघितलं. दोन उन्हाळे या पोरीनं मुरूम वाहिला, आणि आपल्या ध्यानातसुद्धा आलं नाही! तिनं पारूचा हात धरला आणि तशीच मानेवरनं तडक शाळेत गेली.

हेडमास्तरांनी पारूकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "वय काय हिचं?"

"तेरा."

"फार उशीर झाला की हो, बाई."

"उशीर पाण्यानं केलाय गुरुजी, माझ्या पोरीनं न्हाई."

हेडमास्तरांनी पारूला पाचवीच्या वर्गात नेलं, आणि अंकितानं बाकावर सरकून तिला जागा दिली.