प्लास्टरातला सुळा

आमच्या मालकांनी जन्मभर लोकांची घरं बांधली आणि साठीला आल्यावर नदीकाठची हाडं वेचायला लागले. राजुरीत लोक म्हणायचे, गवंड्याला खूळ लागलं. मीही म्हणायचे, अगदी तोंडावर. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले सर, मंचरला हार्डवेअरचं दुकान असलेले शेठ आणि आमचे मालक, असं तिघांचं मंडळ. दर रविवारी खाली माना घालून कुकडीच्या काठानं चालायचे, आणि डबा घेऊन मागं मी. "काय हरवलंय का भाऊ?" असं कुणी विचारलं की मालक म्हणायचे, "व्हय राव, हत्ती हरवलाय." तसं ते खोटं नव्हतं. सर सांगायचे, हजारो वर्षांपूर्वी इथं हत्ती हिंडायचे, त्यांची हाडं दगडासारखी होऊन काठाच्या मातीत राहिलीत.

सुळा मात्र मला दिसला. गणपती नुकतेच उठले होते, पाणी ओसरलं होतं, आणि दरडीत मनगटाएवढं पांढरट काहीतरी निघालं होतं. मी म्हटलं, कुणाचा तरी पाइप दिसतोय. मालक गुडघ्यांवर बसले आणि बोटानं भोवतीची माती हळूच उकरली. मग म्हणाले, "तुज्या नजरंला तोड न्हाई बघ." चाळीस वर्षांच्या संसारात असं कौतुक कधी केलं नव्हतं त्यांनी. माझ्या स्वयंपाकाचंसुद्धा नाही.

माती ओली होती. आत्ता काढला तर मोडेल, दोन-तीन आठवडे थांबू, असं सर म्हणाले. तेवढ्यात मालकांची छाती भरली. फरशी कापताना उडणारी धूळ वर्षानुवर्षं श्वासातून आत गेलेली, तोंडाला रुमाल बांधा म्हटलं की माझ्यावरच डाफरायचे. दवाखान्यातून घरी सोडलं ते ऑक्सिजनचं मशीन सोबत देऊनच. कॉटवर टेकल्या टेकल्या म्हणाले, "सुळा माज्या हातानं काडायचाय. तवर संबाळ." मी सरांना फोन लावला. सर म्हणाले, ऊन लागू देऊ नका, झाकून ठेवा.

आता गवंड्याच्या बायकोला झाकून ठेव म्हटलं तर ती काय करणार? स्लॅबवर गोणपाट टाकून सकाळ-संध्याकाळ पाणी मारण्यात माझा जन्म गेला. मी तेच केलं. दुपारच्या उन्हात गोणपाट वाळायचं, संध्याकाळी जाऊन मी ते पुन्हा भिजवायचे. सरांना वाटलं मी नुसतं झाकलंय, आणि पाणी मारतेय हे मुद्दाम सांगायचं मला सुचलं नाही. पंधरा दिवसांनी सर आले आणि त्यांनी गोणपाट उचललं. सुळ्याचे कांद्यासारखे पापुद्रे सुटले होते. बोट लावलं तिथं चिखल झाला.

"वहिनी, पाणी मारलंत?" एवढंच विचारलं त्यांनी. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मी तिथंच बसून रडले. सर म्हणाले, त्यांना खरं काय ते सांगू. मी सरांवरच ओरडले, "त्यांचं किती दिवस ऱ्हायलेत ते तुमाला म्हाईत हाय ना? मंग गप ऱ्हावा."

मंडळाची एक रीत होती. ठिसूळ हाड काढलं की त्याला गोणपाटाच्या पट्ट्या आणि प्लास्टर गुंडाळायचं, आणि सापडल्याची जागा वरून लिहायची. एकदा गुंडाळलं की आतलं कुणाला दिसत नाही. शेठना सुळा काढला असं सांगून मी त्यांच्याकडून प्लास्टर मागवलं. काठावरची माती हातभर लांब थापली आणि गुंडाळून टाकली. सरांनी ते गाडीतून घरापर्यंत आणलं, पण ते अंगणातूनच मागं फिरले. त्यांना खोटं बोलता येत नाही.

दरड ढासळायला लागली म्हणून काढावाच लागला, असं सांगून मी ते मालकांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी त्यावरून हात फिरवला, जरासं उचललं, आणि कानावरची पेन्सिल काढून टकटक वाजवलं. फरशी पोकळ बसली का ते ते असंच बघायचे. ते म्हणाले, "ब्येस बांदलंस. वाईच चहा ठिव." चहा घेऊन आले तर वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, कुकडी, डावा काठ, शोधणारी माझी बायको. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं झालं मला.

पुढं सव्वा महिना ते कॉटखाली होतं. रोज सकाळी मालक विचारायचे, "कोरडा हाय ना?" मी म्हणायचे, "हाय." ते म्हणायचे, "मंग बरं." बोलण्याइतकाही दम उरला नव्हता तेव्हाही हे तीन शब्द ते विचारायचेच.

तेरावं झाल्यावर सर आणि शेठ आले. मालकांच्या नावानं सुळा शाळेत ठेवू, पोरांसमोर प्लास्टर उघडू, असं शेठचं म्हणणं. सर जमिनीकडं बघत बसले. मी भांडायलाच उठले, "घरातलं मानूस गेलं, आता ह्ये बी नेताय व्हय?" शेठ बिचारे मऊ आवाजात म्हणाले, "वहिनी, नेत नाही. पण खाली ओल लागते, कपाटावर तरी ठेवू." त्यांनी ते बाहेर ओढलं आणि उचलताना उलटं केलं. खालच्या बाजूला पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं होतं. शेठनी वाचलं आणि झटकन पुन्हा पालथं घातलं. पण अक्षर माझ्या नजरेला पडलं होतं. मी ते त्यांच्या हातातून ओढून घेतलं.

"सर, शेठ, आत नुसती माती हाय. फोडू नका. मला कळलंय ह्ये हिला कळू देऊ नका."

म्हणजे पहिल्याच दिवशी, माझा चहा उकळेपर्यंत, सगळं कळलं होतं त्यांना. त्यानंतरही सव्वा महिना रोज विचारत राहिले, कोरडा हाय ना, आणि मी खोटं बोलले की मंग बरं म्हणत राहिले. एकदा तरी भांडायचं होतं हो माझ्याशी. भाजीतल्या मिठावरून चाळीस वर्षं भांडलेला माणूस.